तळचा गाळ

मासे खाणाऱ्या माणसाला परमुलखात आधी मासे भेटतात, मग माणसे. मुलीकडे कॅलिफोर्नियात येऊन मला आठ दिवसही झाले नव्हते. शेजारी कोण राहते, त्यांचे नाव काय, याचा मला पत्ता नव्हता. पण सॅन पेड्रो गावच्या कॅब्रिलो धक्क्यावर एका बाईच्या गळाला जो मासा लागला, त्याची ओळख मला लांबूनच पटली. रुपेरी अंग, बोथट तोंड आणि पाण्याबाहेर येताच घशातल्या घशात काढावा तसा तो कुरकुरता आवाज.

"अगं, हा तर ढोमा!"

"आई, इथे ह्याला व्हाइट क्रोकर म्हणतात," मुलगी म्हणाली.

म्हणोत बापडे. कूळ एकच. आमच्याकडचे ढोमे काय, घोळ काय, आणि हा काय, सगळे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंची थाप मारून आवाज करणारे. हजारो मैलांवर माहेरचे माणूस भेटावे तसा मला आनंद झाला, आणि खरे सांगायचे तर तोंडाला पाणीही सुटले. मुलीच्या घरात आमसुले आहेत की नाहीत, इथपर्यंत माझा विचार जाऊन पोहोचला.

मासा पकडणारी बाई फिलिपाइन्सची. वयाने माझ्याएवढीच असेल. डोक्यावर गवती टोपी, पायाशी प्लॅस्टिकची बादली. मी टक लावून बघते आहे हे पाहून तिने तो मासा माझ्यापुढे धरला. मी बोटे तोंडाकडे नेऊन खूण केली, 'छान लागतो ना?' ती हसली, तिने मान हलवली, गळ सोडवला आणि मासा परत समुद्रात टाकून दिला.

मी अवाक झाले. आमच्या आळीत कुणी असे केले असते तर त्याला गावाने वेड्यात काढले असते. तेव्हा तिने कठड्यावरच्या पाटीकडे बोट केले. पाटीवर माशांची चित्रे होती. इथल्या धक्क्यांवर मासे धरायला येणारी माणसे अनेक देशांतली, म्हणून सूचनाही अनेक भाषांत देतात. चित्रांतल्या पाच जातींचे मासे या किनाऱ्यावर धरले तर मुळीच खायचे नाहीत. व्हाइट क्रोकर त्या पाचांत. मुलीने कारण वाचून दाखवले: डी.डी.टी. आणि पी.सी.बी.

ती बाई मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत मुलीशी पुष्कळ बोलली. तिचा नवरा दर रविवारी इथून बादलीभर क्रोकर घरी नेत असे. तेव्हा पाटी नव्हती. किती वर्षे नेत होता, असे मुलीने विचारले, तर तिने बोटे मोजली नाहीत. हात नुसता हवेत फिरवला. नवरा आता आहे की नाही, हे विचारण्याचा धीर आम्हा दोघींनाही झाला नाही.

घरी परतताना मी गप्प होते. मुलीला वाटले, ढोमा हुकला म्हणून मी खट्टू झाले. माझ्या डोक्यात मात्र ती तीन अक्षरे फिरत होती. डी.डी.टी.! या नावाशी माझे निराळेच नाते आहे.

मला माझा थोरला भाऊ आठवत नाही. त्याच्या दातांचा आवाज तेवढा आठवतो. आमचे गाव रेवदंड्याच्या खाडीकाठी, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. भातखाचरे, आगरे, नारळीपोफळीच्या वाड्या, आणि त्यांच्याबरोबर येणारे डास. पावसाळा सरता सरता गावात हिवताप यायचा तो पाहुण्यासारखा नव्हे, घरच्या माणसासारखा. एक दिवसाआड दुपारी हुडहुडी भरायची, चार गोधड्या अंगावर टाकल्या तरी दात वाजायचे थांबायचे नाहीत, मग अंग भाजायचे, मग घामाने चिंब व्हायचे. मुलांची पोटे पाणथरीने फुगलेली असत. कोयनेल इतके कडू की आई ते केळ्यात लपवून देई. १९४७ च्या सुमारास आपल्या देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्याने दगावत, असा अंदाज आहे. आमचा भाऊ १९५१ मधल्या त्या लाखांपैकी एक. मी चार वर्षांची होते. पडवीतल्या खाटेवरून येणारा तो दातांचा आवाज एके दिवशी बंद झाला, आणि मला वाटले, बरे झाले, त्याची थंडी गेली.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी गावात खाकी कपड्यांतली माणसे आली. त्यांच्याजवळ बादल्या होत्या आणि पायाने दाबून धरायचा पंप होता. सगळी भांडीकुंडी, अंथरुणे, उतरंडी अंगणात काढायला लावून त्यांनी आमच्या घराच्या आतल्या भिंतींवर पांढरे पाणी फवारले. भिंती वाळल्यावर त्यांच्यावर भुकटीचा पातळसा थर राहिला. दारावर त्यांनी तारीख घातली आणि ते पुढच्या घरी गेले. मोठ्यांना मागाहून सगळे समजले. आम्हा पोरांना पहिला चमत्कार दिसला तो असा, की त्या रात्री ढेकणांनी कुणाला खाल्ले नाही!

गंमत झाली ती दिवाळीच्या आधी. दिवाळी तोंडावर आली, आजीने चुन्याचे डबे काढले आणि भिंती पांढऱ्या करायला पदर खोचला. नेमका त्याच वेळी फवारणीवाल्यांचा मुकादम तपासणीला आला. तो आजीच्या अक्षरशः पाया पडला. "आजी, यंदा चुना नको. औषध झाकले जाईल. डास भिंतीवर बसला पाहिजे, त्याच्या पायाला भुकटी लागली पाहिजे. सहा महिने हे औषध भिंतीवरून हलत नाही, इतके पक्के आहे. तुम्ही तेवढी भिंत हलवू नका." आजीला ते काही रुचले नाही. पणत्या लावायच्या त्या काय डागाळलेल्या भिंतींना? पण आईने तिच्या हातातला कुंचला काढून घेतला. सासूच्या हातून काही काढून घेताना मी आईला आयुष्यात तेवढे एकदाच पाहिले. त्या दिवाळीत आमच्या घराच्या भिंती मळक्या राहिल्या. १९५६ साली माझा धाकटा भाऊ बापू जन्मला. त्याला हिवताप कधी झाला नाही. आता तो सत्तरीला टेकला आहे.

१९५३ साली देशभर हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली, १९५८ साली तिचे निर्मूलनाच्या मोहिमेत रूपांतर झाले. १९६५ च्या सुमारास साडेसात कोटींचा आकडा एका लाखावर आला होता आणि मृत्यूची नोंद नव्हती. पुढे डास त्या औषधाला सरावले, व्यवस्थाही ढिली पडली, आणि १९७६ साली रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले, हेही खरे. तरी मधल्या वीस वर्षांत जी मुले जगली ती जगलीच. पॉल म्युलर नावाच्या स्विस रसायनशास्त्रज्ञाने या भुकटीचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये शोधला आणि १९४८ मध्ये त्याला वैद्यकातले नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या आईला म्युलर ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर तिने देवघरात त्याची तसबीर लावली असती.

तेव्हा धक्क्यावरची ती पाटी वाचून माझी काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. मी तीस वर्षे अलिबागेत मुलींना शास्त्र शिकवले आहे. एखादी गोष्ट अर्धवट कळून चालत नाही, ही खोड त्या धंद्याने लावलेली. मुलगी कामावर गेली की मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागले. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी या म्हातारीचे फार लाड केले. जे वाचले त्यातले थोडे इथे सांगते.

मुलीच्या घरापासून मोटारीने थोड्याच अंतरावर, टॉरन्स शहराच्या कडेला, मॉन्ट्रोझ केमिकल कॉर्पोरेशन या कंपनीचा कारखाना होता. १९४७ ते १९८२ एवढी वर्षे तिथे डी.डी.टी. होत असे. ती बनवणारा अमेरिकेतला सर्वांत मोठा कारखाना तोच. १९७२ च्या अखेरीस अमेरिकेने आपल्या देशात तिचा वापर जवळजवळ बंद केला, पण परदेशी पाठवण्यासाठी उत्पादन आणखी दहा वर्षे चालू राहिले. कारखान्याचे सांडपाणी शहराच्या गटारात जाई. ते गटार पालोस व्हर्डीस नावाच्या उंच भूशिराखालून निघून व्हाइट पॉइंटपाशी समुद्रात शिरते आणि सुमारे साठ मीटर खोलीवर तोंड उघडते. १९५० नंतरच्या दशकाच्या शेवटापासून १९७१ पर्यंत त्या वाटेने सुमारे १,७०० टन डी.डी.टी. समुद्रात गेली, असे सरकारी पर्यावरण खात्याचे अनुमान आहे. सतराशे टन! आमच्या घराच्या भिंतींवर बसली ती फार तर मूठ-दोन मुठी असेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुष्कळांची इथेच गल्लत होते. या समुद्राचा घात भिंतीवर फवारलेल्या औषधाने केलेला नाही. औषध करताना जे उरले, जे धुऊन टाकले, त्याने केला आहे. स्वयंपाक आणि खरकटे यांत जो फरक, तोच इथे. पाहुण्यांना पंचपक्वान्ने वाढणाऱ्या यजमानाचे मोरीकडे लक्ष नसावे, तसे ते झाले.

समुद्र एवढा अफाट, त्यात सतराशे टनांचे काय, पाण्यात विरून जातील, असे तेव्हाच्या शहाण्या माणसांना वाटले. मीठ किंवा साखर असती तर विरलीही असती. पण डी.डी.टी.चे आणि पाण्याचे हाडवैर. एक ग्रॅमचे दहा लाख भाग करावेत, त्यांतले थोडेसे एका लिटर पाण्यात कसेबसे विरघळतात. स्निग्ध पदार्थांवर मात्र तिचा भारी जीव. तुपाचे भांडे नुसत्या पाण्याने धुतले तर काय होते, हे गृहिणींना मी सांगायला नको. तूप पाण्याला दाद देत नाही. आपण राख लावतो तेव्हा ते राखेच्या कणांना चिकटून येते. गटाराच्या पाण्यात अशी राख भरपूर असते: मैला, चरबी, कुजलेले अन्न, माती यांचे बारीक बारीक कण. डी.डी.टी. त्यांना बिलगली. कण जड होऊन हळूहळू तळाशी बसले. वरचे पाणी निवळ झाले, निळे झाले, पर्यटक त्याची छायाचित्रे घेऊ लागले. खाली सुमारे ४४ चौरस किलोमीटर तळावर तो गाळ साचत राहिला.

शास्त्रज्ञ समुद्रतळात पोकळ नळी खुपसतात आणि आतला गाळ जसाच्या तसा वर काढतात. मग ती गाळाची कांडी चकत्या करून तपासतात. वरची चकती अलीकडच्या वर्षांची, खालची जुन्या वर्षांची. पालोस व्हर्डीसच्या गाळात अगदी खाली काही नाही, मग डी.डी.टी. दिसू लागते, वाढत जाते, साधारण १९७० च्या अलीकडेपलीकडे शिगेला पोहोचते, आणि त्यावरच्या थरांत कमी होत जाते. एखाद्या घरातल्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या उलगडाव्यात आणि कोणत्या साली किती उधळपट्टी झाली ते दिसावे, तसे.

कमी होत जाते याचा अर्थ नाहीशी होते असा मात्र नाही. पालापाचोळा कुजतो, मेलेली जनावरे कुजतात, कारण सूक्ष्मजंतू त्यांचे तुकडे करून खातात. डी.डी.टी.च्या रेणूत कार्बनला क्लोरीनचे पाच अणू अशा गाठीने बांधलेले आहेत की ती गाठ सोडवणारे दात फारच थोड्या जंतूंना आहेत. गाळात जाता जाता तिचा थोडासा अंश सुटतो आणि डी.डी.ई. नावाचा पदार्थ उरतो, आणि हे धाकटे भावंड थोरल्यापेक्षा हट्टी. पालोस व्हर्डीसच्या गाळात मुख्यतः तेच आहे. त्याचे पुढे काही होतच नाही, अशी समजूत होती. १९९८ साली मिशिगनच्या संशोधकांनी तिथलाच गाळ प्रयोगशाळेत नेऊन दाखवून दिले, की जिथे प्राणवायू पोहोचत नाही अशा काळ्या गाळातले काही जंतू डी.डी.ई.मधला एक क्लोरीन काढून घेऊ शकतात. बातमी चांगलीच. पण एकच क्लोरीन, आणि तोही फार सावकाश. समुद्राच्या तळाशी थंडी आहे, काळोख आहे. तिथे कुणालाही घाई नाही.

बरे, गाळ खाली गेला आणि वरून नवा गाळ येऊन झाकला गेला, तर प्रश्न मिटला असता. पण समुद्राचा तळ म्हणजे भिंत नव्हे. त्यात किडे आहेत, बिळे करणाऱ्या कोळंब्या आहेत. शेतातली गांडुळे माती वरखाली करतात तसे हे जीव जुना गाळ वर आणतात. वादळी लाटा तो हलवतात. आणि एक विचित्र योगायोग पाहा. पुढे सांडपाणी अधिक शुद्ध करून सोडू लागले, ते करायलाच हवे होते. पण त्यामुळे तळावर पडणारी भर कमी झाली आणि जुन्या पापावर पडायचे पांघरूण पातळ झाले! पूर्वी पाणी गाळाला देत होते. नळ बंद झाल्यावर गाळ पाण्याला देऊ लागला.

हा क्रोकर तळाशी चरणारा मासा. गाळातले किडे वेचून खातो, आणि अंगात चरबी बाळगून असतो. डी.डी.टी.ला आणखी काय हवे? किड्यात थोडी, किडे खाणाऱ्या माशात जास्त, मासे खाणाऱ्या पक्ष्यात त्याहून जास्त. खाल्लेले अन्न जळून जाते. ही मात्र चरबीत बसून राहते आणि प्रत्येक पायरीवर वाढते. १९९० साली कॅलिफोर्निया सरकारने या भागात क्रोकरची व्यापारी मासेमारी बंद केली. विकण्यापुरतीच. धक्क्यावर बसून घरच्यासाठी मासे धरणाऱ्या गरिबांना अडवायला कोण जाणार? त्यांच्यासाठी पाट्या.

या सगळ्याचा पहिला बोभाटा मात्र माशांनी केला नाही, पक्ष्यांनी केला. या किनाऱ्यावर तपकिरी पेलिकन असतात. चोचीखाली झोळी असलेले हे मोठे पक्षी एका ओळीत लाटेला पंख लावून उडतात. मी धक्क्यावरून तासन् तास त्यांच्याकडे पाहत बसते. इथून वायव्येला अनाकापा नावाचे बेट आहे, तिथे त्यांची वीण होते. १९६९ साली रॉबर्ट रिसब्रो हे शास्त्रज्ञ तिथे गेले तर घरट्यांत फुटलेली अंडी. पेलिकन आपली अंडी पायांखाली धरून उबवतो. डी.डी.ई.मुळे पक्षिणीच्या शरीरातला चुना कवचापर्यंत पोहोचत नाही, कवच कागदासारखे पातळ होते, आणि आईने ऊब द्यायला पाय ठेवला की अंडे तिच्याच वजनाने चिरडते. १९७० साली त्या बेटावर ५५२ घरटी झाली. पिल्लू जगले एक.

हा आकडा मी त्या वाचनालयात तीनतीनदा वाचला. पाचशे बावन्न आयांनी घरटी बांधली, ऊब दिली. माझी आई आठवली. तिनेही ऊबच दिली होती, चार गोधड्यांची.

बेटांवरचे टकल्या गरुड तर १९६० नंतरच्या दशकापर्यंत पार नाहीसे झाले. १९८० पासून कॅटालिना बेटावर ते पुन्हा आणून सोडले, पण त्यांचीही अंडी फुटू लागली. मग संशोधकांनी काय करावे? कड्यावरच्या घरट्यातली खरी अंडी अलगद काढून घेत आणि तिथे खोटी ठेवीत. गरुडीण खोटी अंडी उबवीत बसे. इकडे खरी अंडी यंत्रात उबवून पिल्ले बाहेर आली की ती परत घरट्यात नेऊन ठेवीत. अशी वर्षानुवर्षे दाईपणाची नोकरी केल्यावर २००७ साली कॅटालिनावर गरुडाचे पिल्लू माणसाच्या मदतीवाचून अंड्यातून बाहेर आले. पेलिकनही सावरले, २००९ साली त्यांचे नाव धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतून निघाले. गटाराचा नळ बंद केल्याचा हा गुण. रेचल कार्सन बाईंचे पुस्तक १९६२ साली निघाले होते. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी निदान हे पेलिकन पाहायला यावे.

१९९० साली अमेरिकन सरकार आणि कॅलिफोर्निया राज्य यांनी कारखानदारांवर फिर्याद गुदरली. दहा वर्षे ती चालली. शेवटी सगळ्या प्रतिवादींकडून मिळून सुमारे चौदा कोटी डॉलरांवर तडजोड झाली. पैसा आला, आता गाळाचे काय करायचे? मोजणीप्रमाणे तेव्हा तळाशी शंभर टनांहून अधिक डी.डी.टी. शिल्लक होती. उपसावी तर ढवळून सगळ्या समुद्रात जाणार. म्हणून २००० साली तळाच्या काही तुकड्यांवर जहाजातून वाळू सोडून ते झाकून पाहिले. हे वाचले आणि मला वाचनालयात एकटीलाच हसू आले. आजीचा चुना! जे करू नये म्हणून मुकादम आजीच्या पाया पडला, तेच आता लक्षावधी डॉलर खर्चून समुद्राच्या बुडाशी करू पाहत होते. औषध झाकले तर निकामी होते, एवढी एकच गोष्ट दोन्हीकडे खरी. २००९ साली सर्वांत दूषित भाग झाकायचे ठरलेही. पण पुढच्या मोजणीत आकडे धरले होते त्यापेक्षा बरेच कमी निघाले, आणि ते काम थांबले.

इतके सगळे कळल्यावर वाटले, चला, एक हिशेब तरी पुरा लागला. तर आणखी एक वही निघाली. गटाराची सोय होण्याआधी आणि नंतरही काही वर्षे कारखान्यातले डी.डी.टी.मिश्रित आम्ल बार्जमधून नेऊन, हा किनारा आणि कॅटालिना यांच्या मधल्या खोल समुद्रात टाकीत असत. २०११ साली डेव्हिड व्हॅलेंटाइन या प्राध्यापकांनी यंत्रमानव पाठवून तिथला सुमारे ९०० मीटर खोलीचा तळ पाहिला, तर गंजकी पिंपे. वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला, पिंपांची मोजदाद झाली. पुढे २०२२ मध्ये सरकारी खात्याने कागदपत्रे चाळून सांगितले की माल पिंपांत भरण्याचे कष्ट बहुधा कुणी घेतलेच नव्हते. तो सरळ समुद्रात ओतला होता. तिथल्या गाळात जी डी.डी.टी. मिळते ती बरीचशी मूळ रूपात आहे, डी.डी.ई.सुद्धा झालेली नाही. कारखान्यातून काल निघाल्यासारखी.

सहा महिने हलत नाही, इतके पक्के आहे, असे मुकादम म्हणाला होता. तो खोटे बोलला नाही. त्याने सांगितला तो तिचा गुण होता, आणि दोष म्हणून जो पाटीवर लिहिला आहे तोही अक्षरशः तोच. भिंतीवर टिकते म्हणून बापू जगला. गाळात टिकते म्हणून त्या बाईला हातातला मासा टाकून द्यावा लागला. मी दोन्ही गोष्टी एका पारड्यात घालायचा पुष्कळ प्रयत्न केला. माझ्याच्याने ते झाले नाही.

मी बापूला फोनवर हे सगळे सांगितले. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ताई, त्या भुकटीला शिव्या देऊ नकोस हां. आई असती तर रागावली असती."

"शिव्या नाही रे देत. वहीत कुठे लिहायचे ते बघते आहे."

"आपल्याकडच्या गाळातही असेल का गं?"

होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात अरबी समुद्राच्या आणि बंगालच्या उपसागराच्या तळचा गाळ तपासला, त्यात तिचे अवशेष मिळाले होते. नद्यांनी शेतांतून आणलेले. १९८९ साली आपल्या सरकारने शेतीत तिचा वापर बंद केला, फक्त रोगनिवारणापुरता ठेवला. २००१ साली स्टॉकहोमला जो जागतिक करार झाला, त्यानेही हिवतापासाठी तेवढी सवलत ठेवली आहे. पालोस व्हर्डीससारखा एका कारखान्याचा ढीग एका जागी पडणे निराळे, आणि सगळ्या किनाऱ्यावर विखुरलेले अंश निराळे, हेही मी त्याला सांगितले. शिक्षिकेची सवय! फोनवरसुद्धा फळा लागतो.

बापूचे लक्ष नव्हते. मागून वहिनीचा आवाज येत होता. कोळीण दारात आली होती.

"काय आणलंय रे तिने?" मी विचारले.

"ढोमे," तो म्हणाला. "चांगले ताजे आहेत. अजून आवाज करताहेत."

मी त्याला घेऊ नकोस म्हटले नाही. रेवदंड्याच्या ढोम्यांबद्दल तसे म्हणायला माझ्याजवळ काही आधार नाही, आणि पाटीही नाही. वहिनीला सांग आमसुले अंमळ जास्त घाल, एवढे सांगून मी फोन ठेवला.